पन्नास लिटरची वाफ

भांड्यांच्या दुकानात शिरला की तो आधी पातेलं उलटं करायचा आणि बोटाच्या पेराने तळावर टकटक वाजवायचा. कान लावून ऐकायचा, मग मान हलवायचा. “नुसता पत्रा आहे बे. तळच नाही याला.” लंडनमधल्या साउथहॉलच्या एका दुकानदाराने शेवटी वैतागून विचारलं होतं, “भाईसाब, बर्तन लेना है या तबला?”

त्याला घरी बिअर उकळायला पन्नास लिटरचं भांडं हवं होतं. तुम्ही म्हणाल, हौशी माणूस दिसतोय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तो मूळचा नागपूरचा. हाउन्सलोत आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा आणि आम्ही कामालाही एकाच ठिकाणी होतो, तयार जेवणाची पाकिटं बनवणाऱ्या कारखान्यात. मी गाड्यांचं वेळापत्रक बघायचो, तो चवी बघायचा. रोज सकाळी त्याच्यापुढे वाट्या मांडल्या जायच्या. तो नाक खाली न्यायचा आणि सांगायचा, “मेथी जास्त झाली. कांदा घाईत परतलाय.” त्याने मान डोलावल्याशिवाय एक पाकीट बाहेर जायचं नाही.

एका हिवाळ्यात त्याला आठवडाभर ताप आला आणि ताप जाताना वास घेऊन गेला. जिभेला मीठ, आंबट, गोड एवढंच कळायचं. “बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं,” तो म्हणाला. व्हिसा त्या नोकरीवर होता आणि नोकरी त्या नाकावर. घरात त्याच्या बायकोला, वहिनींना, सातवा महिना लागलेला. वास गेल्याची गोष्ट फक्त त्यांना आणि मला ठाऊक होती.

मग आम्ही एक लबाडी सुरू केली. मी सकाळी गप्पा मारायच्या निमित्ताने त्याच्या खोलीत डोकवायचो, वाट्यांवरून नाक फिरवायचो आणि पुटपुटायचो, “दुसरी करपलीय. चौथ्यात धने कच्चे.” तो तेच कागदावर लिहायचा. मला धने आणि जिरे यांच्यातला फरक लग्नानंतर कळला, असा माझा वकूब. तो सही करताना माझ्याकडे बघायचा नाही.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, ओळखीचे वास रोज हुंगत राहा, कधीतरी परत येईल. लवंग, लिंबू, कॉफी सगळं हुंगून झालं. मग त्याला हॉप्स आठवले. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. गेली काही वर्षं तो शेगडीवरच्या छोट्या पातेल्यात पाच लिटर बिअर करायचा, आणि उकळत्या हॉप्सचा वास त्याला आईच्या हाकेइतका पाठ होता. “पाच लिटरची वाफ पुरत नाही बे,” तो म्हणाला. “दार बंद असलं तर हळू ठोकून काय फायदा? पन्नास लिटर पाहिजे.”

यात शास्त्र काही नव्हतं. मी तसं म्हणालोही. पण त्याचा चेहरा पाहून पुढे बोललो नाही.

अखेर भांडं आलं. तळ तीन थरांचा, म्हणजे माल्टचं, मोड आणलेल्या जवाचं, गोड पाणी खाली लागत नाही. तळापासून दोन बोटं वर तोटी, म्हणजे गाळ खालीच राहतो. त्याने तोटी बसवली, पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि कुठे थेंब पडतो का ते बघत दोन तास मांडी घालून बसला. मग लाकडी पळीच्या दांड्यावर लिटरच्या खुणा करायच्या होत्या. तो एकेक लिटर ओतायचा, सुरीने खाच पाडायचा आणि मी मोजायचो. तेविसाव्याला मी चुकलो. त्याने सगळं पाणी काढून पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“चाळिसाच्या वर कधी भरायचं नाही,” त्याने मला बजावलं. “हॉप्स टाकले की फेस चढतो.”

घर भाड्याचं, गॅसची शेगडी घरमालकाच्या तरुणपणातली. भांडं दोन बर्नरवर मिळून बसायचं. मी म्हटलं, मागे गार्डनमध्ये वेगळी शेगडी मांड. तो म्हणाला, “बाहेर वाफ उडून जाते.” खिडक्या बंद, पंखा बंद, डोक्यावर टॉवेल घेऊन तो वाफेत वाकायचा, सर्दी झालेल्या पोरासारखा. मग टॉवेलखालून विचारायचा, “तुला काय येऊन राहिलंय?”

“ओलं गवत. आणि संत्र्याची साल.”

“संत्र्याची? आमच्याकडच्या, की इथल्या?”

मी हसायचो. तो हसायचा नाही, उत्तराची वाट बघायचा.

मुलगी झाली. त्यानंतर तो दर शनिवारी उकळायला लागला. जिन्याखाली बाटल्यांच्या रांगा लागल्या. सगळ्या गल्लीला फुकट बिअर मिळायची आणि सगळे तोंडभरून कौतुक करायचे. कुणी घोट घेऊन “काय जमलीय!” म्हणालं की तो दुसरीकडे बघायचा. त्याला ती कशी झालीय हे कधीच कळणार नव्हतं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “अहो, तुम्ही तरी समजवा ना त्याला. बाळ रडलं तरी किचनमधून हलत नाही.” मी समजावलं नाही. मला अजून त्याची लाज वाटते.

त्या शनिवारी दुपारी मी नेहमीसारखा गेलो. वहिनी आणि बाळ वर झोपले होते. किचनचं दार उघडलं. हॉप्सचा वास होताच, पण त्याच्यावर दुसरा, सडक्या अंड्यासारखा. जास्त वाफ मिळावी म्हणून त्याने त्या दिवशी भांडं पार काठापर्यंत भरलं होतं. फेस चढून बाहेर आला होता, दोन्ही बर्नर विझले होते, आणि भांड्याखाली गॅस सूं सूं करत सुटत होता.

तो डोक्यावर टॉवेल घेऊन उभा होता. त्याने मागे वळून बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा आनंदाने फुलला होता.

“आला बे! आज येऊन राहिला वास!”

मी बटणं फिरवली, मागचं दार उघडलं, “कशाला हात लावू नकोस!” असं ओरडलो आणि जिन्याकडे धावलो. “वहिनी, बाळाला घेऊन पुढच्या दाराने बाहेर या! लाइट लावू नका!”

नंतर आम्ही मागच्या पायरीवर बसलो. त्याने एकच विचारलं, “किती वेळ चालू होता?” मी म्हटलं, माहीत नाही. त्याने वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि टॉवेल तोंडावर धरला. त्या दिवशी त्याला हॉप्सचा वास खरंच आला होता की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला ते धाडसच झालं नाही.

सोमवारी तो मॅनेजरकडे गेला आणि सगळं सांगून आला. माझं नाव मात्र त्याने घेतलं नाही. नाकाशिवाय त्याच्याजोगं दुसरं काम कारखान्यात नव्हतं. दुसरीकडे नोकरी शोधायला व्हिसाने दिलेले दिवस भराभर संपले. भांडं त्याने घासूनपुसून कुंपणाबाहेर ठेवलं, वर ‘फुकट, घेऊन जा’ अशी चिठ्ठी. तासाभरात कुणीतरी ते उचलून नेलं.

नागपूरला परत निघायच्या सकाळी टॅक्सीत सामान चढलं. वहिनी आत बसल्या. त्याने चार महिन्यांची मुलगी माझ्या हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “हिच्या डोक्याचा वास सांग ना एकदा. ही जन्मल्यापासून मी घेतलाच नाही.”

मी तिच्या टाळूला नाक लावलं. “दूध,” मी म्हणालो. “खोबरेल तेल.”

“आणि?”

आणखी काहीतरी होतं. ते लहान बाळाच्याच डोक्याला असतं. मी शब्द शोधत राहिलो. इतके महिने त्याला वाट्टेल त्या वासाचं नाव सांगत आलो होतो, पण याचं सांगता येईना.

“नाही सांगता येत रे,” मी म्हणालो, आणि मला रडू आलं.

त्याने मान डोलावली, तिला घेतलं आणि दार ओढलं. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो मला काचेतून दिसत होता. तिच्या डोक्यावर नाक टेकून, डोळे मिटून, तो खोल श्वास घेत होता.