सुचिता मॅडमचे घरचे शब्द

मी सोजराबाई, शाळेत खिचडी शिजवतो. इंग्रजीतलं मले काय कळते? पण सुचिता मॅडमची रीत मी रोज पाहतो. देऊळगाव राजाहून एसटीनं येतात अन् सातवीच्या पोरायले एकेक इंग्रजी शब्द देतात. म्हणतात, घरी जा, हा शोधून आणा. मराठीत अर्थ सांगायचा नाई, दाखवायचा. स्टिकी म्हटलं तं पोट्टं गुळाचा खडा आणते. हॉलो म्हटलं तं पोकळ बांबू.

त्या दिवशी हिंमतराव लंगडत शाळेत आले, नात करिष्माचा शाळा सोडल्याचा दाखला न्याले. सातवीत पोरं मोजकीच. करिष्मा गेली की तिच्यामागं बाकीचे लोणारच्या इंग्लिश शाळेत जाणार, वर्ग बंद पडणार अन् मॅडमले कुठं फेकतील देव जाणे.

"वर्षभर गूळ अन् बांबू," हिंमतराव म्हणाले. "पाठ काय केलं? सांग वं करिष्मा, या आठवड्यात कोणता शब्द होता?"

"स्टबर्न," करिष्मा हळूच बोलली.

"अर्थ सांग."

पोरीनं मान खाली घातली.

"पाहा मॅडम. तोंडातून अक्षर नाई."

"काका, आमच्याकडे अर्थ दाखवायचा असतो." मॅडम म्हणाल्या.

"मंग दाखव ना. काऊन खाली पाहून राह्यली?"

करिष्मानं मॅडमकडं पाह्यलं. मॅडमनं नाई म्हणून मान हलवली, पण पोरीनं बोट उचललंच अन् थेट आजोबाकडं केलं.

"आबा," ती म्हणे. "पाय सुजला तरी दवाखान्यात जात नाई. आजी रडते तरी नाई. घरात मले हेच सापडले."

हट्टी! खुंट्यासारखा हट्टी! मलेबी कळलं. हसू आलं, पण भेव जास्त वाटलं. या माणसाले गावात कोणी तोंडावर बोलत नाई. मॅडम खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या.

हिंमतरावनं आपल्या सुजल्या पायाकडं पाह्यलं.

"याच्या उलटा शब्द शिकवला का?"

"नाही. तो पुढच्या आठवड्यात आहे," मॅडम म्हणाल्या.

"कोणाले देता तो, मॅडम?"

मॅडमनं पोरीकडं पाह्यलं. "करिष्मालाच."

"घरीच शोधा लागन तिले?"

"हो, काका."

हिंमतराव दारापर्यंत गेले अन् थांबले.

"दाखला राहू द्या सध्या," म्हणाले. मंग माह्याकडं पाह्यलं. "सोजराबाई, बाहेर माहा पोरगा उभा हाये. त्याले सांगा, गाडी काढ. दवाखान्यात जाचं हाये."