भिजवलेला पटका

लागलं होतं डोक्याला आणि गेला होता डावा हात. ब्रह्मदेशातल्या लढाईवरून आमचे मालक घरी आले तेव्हा गावाला नवल वाटलं ते याचंच. "डोस्क्याला मार आन् हात कसा काय जाईल गड्या?" असं म्हणत माणसं यायची, चहा ढोसायची आणि औषध सांगून जायची. कुणी म्हणे करणी हाय, कुणी म्हणे लुळ्या हाताला पारव्याचं रक्त चोळा. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तर हात उकिरड्यात पुरून ठेवायला सांगितला. त्याचं काय जातंय सांगायला! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पारवे धरून आणायला लावले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरनं साधी गोष्ट सांगितली होती. हात मेलेला नाही, डोकं त्याला विसरलंय. काम देत राहा, आठवेल. हे मला मालकांनीच सांगितलं, एकदाच. आणि मग हात मांडीवर घेऊन सोप्यात बसले ते बसलेच. पाहुण्याचं लेकरू सांभाळावं तसा तो हात सांभाळायचे.

उंबऱ्याबाहेर पाऊल म्हणून नाही. का? तर पटका बांधता येत नाही! एका हातानं पटका बसत नाही, आणि बोडक्या डोक्यानं गडी चावडीपुढून गेला तर घरात कोण मेलं म्हणून विचारतात. तोफांना न भ्यालेला माणूस बोडक्या डोक्याला भ्याला. मला हसू यायचं, संताप यायचा आणि भीतीही वाटायची. हा माणूस असाच सोप्यात म्हातारा होणार की काय!

पाहुण्यांसमोर बसायला म्हणून थोरले दीर आठवड्याला एकदा पटका बांधून द्यायचे. तो तसाच खुंटीवर असायचा, टोपीसारखा उचलून डोक्यावर ठेवायचा. दिरांची बांधणी म्हणजे केवढी ऐसपैस! तिच्याखाली माझा नवरा दिसायचाच नाही.

एके दिवशी मी तो पटका खुंटीवरून काढला, सोडला आणि धुऊन टाकला. बांधलेला पटका बाईनं न विचारता सोडणं म्हणजे आमच्यात गड्याची अब्रू उतरवणं. सगळं घर अंगावर आलं. "आगं भवाने, नवऱ्याचा पटका सोडतीस?" आत्याबाई कडाडल्या.

"मळला हुता," मी म्हटलं. "तुमच्या पारव्याचं डाग पडलं हुतं."

दिरांनी पुन्हा बांधला. मी पुन्हा धुतला. मग रोज पहाटेच भिजवायला लागले. दीर रानात जायच्या वेळेला पटका दोरीवर ओला, आणि वाळायचा तेव्हा घरात मी, आत्याबाई आणि मालक. बायकांना कुठं पटका बांधता येतो!

मालक भडकले. "लय झालं तुजं."

"आवं, मग बांधा की."

रागाच्या भरात त्यांनी पटक्याचं टोक दातात धरलं. सुटलं. मग ते खांबाला बांधून स्वतःच गरागरा फिरले आणि भोवळ येऊन खाली बसले. मी चुलीपाशी फिदीफिदी हसले, ते त्यांनी ऐकलं. तेव्हा कुठं त्यांनी डावा हात उजव्यानं उचलून डोक्यावर नेला आणि त्या पंज्याखाली टोक दडपलं. पंजा घसरायचा, कापड गळ्यात यायचं, शिव्या सुरू व्हायच्या, त्यातल्या निम्म्या मला. उन्हाळाभर हेच चाललं. पावसाळ्यापर्यंत हात आपला आपण वर जायला लागला, बोटं मात्र ठार मुकी.

आणि एका सकाळी कापड घसरलं नाही. अंगठा त्याच्यावर दाबून बसला होता. मालक जागचे हलले नाहीत, मीही नाही. मला रडू फुटलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

संध्याकाळी ते चावडीवर गेले. पटका पार एका कानावर कललेला. माणसं हसली. तो उकिरड्याचा वैद्य पुढं झाला, "कुणी बांधला रं ह्यो? थांब, नीट करतो," आणि त्यानं पटक्याला हात घातला. मालकांनी तो हात फाडकन झटकला, तोही डाव्यानं. दीर तिथंच होते, त्यांनीच घरी येऊन सांगितलं. ऐकल्याबरोबर आत्याबाई देवापुढं साखर ठेवायला धावल्या. पारव्यांचा गुण आला म्हणे!

मालक आले. पटका डोक्यावरून अलगद उचलून त्यांनी स्वतः खुंटीला अडकवला.

"उद्या धुऊ नगंस," म्हणाले. "ऱ्हाऊ दे बांधलेला."

"बरं," मी म्हटलं.

आणि पहाटे उठून भिजत घातला. नुसता अंगठा आला होता. चार बोटं यायची होती अजून.