दादाला कोण सांगणार?

"एक नियम लक्षात ठेव. मैदानावर सुभाषदादाला कोणी काही सांगायचं नाही. दादा सांगणार, बाकीचे ऐकणार. आणि का, ते विचारायचं नाही."

क्लबात नोकरीला लागले त्या दिवशी मोरे सरांनी, म्हणजे आमच्या हेड कोचनी, मला हे सांगितलं. लॅपटॉप कुठे ठेवायचा, मैदानाचं गेट कुठलं, हे सगळं नंतर. आधी नियम.

मी या फुटबॉल क्लबची व्हिडिओ ॲनालिस्ट. खारघरला कॉलेज केलं, कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळले, आणि आता मॅचचे व्हिडिओ कापून कोणाचं कुठे चुकलं ते दाखवते. कापायला घ्यावा एक गोल, की त्याच्या मागून एक किस्सा येतो. गेल्या सीझनला आम्ही इतके गोल खाल्ले की किश्शांना तोटा नव्हता. मग ऑफ-सीझन आला, सामने बंद, जो तो डिफेन्स सुधारायला निघाला, आणि माझ्याकडे ढीग लागला. त्यातले थोडे सांगते.

*

पहिली मीटिंग बाळाशेठच्या ऑफिसात. शेठ क्लबचे मालक. तळवलीचे, धंद्याने बिल्डर. कॅप्टन सुभाषदादा त्यांचा सख्खा पुतण्या. वय पस्तिशीच्या पुढे, जागा डिफेन्सच्या अगदी मधोमध.

"डिफेन्स म्हंजे कंपाउंड वॉल," शेठ म्हणाले. "लोक उरी मारून आत येतात ना? मंग उंची वाढवा."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण पुढच्या आठवड्यात ट्रायलला त्यांच्या साइटचा सुपरवायझर टेप घेऊन हजर. आलेल्या पोरांना भिंतीला टेकवून मापं घेतली. सगळ्यांत उंच निघाला तो व्हॉलीबॉल खेळणारा. त्याच्या पायाला बॉल लागला की बॉल एकीकडे आणि तो दुसरीकडे.

"शेठ, हा खेळ पायांनी खेळतात," मी म्हटलं.

शेठनी पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग? पाय पन लांबच हायत की."

घेतला त्याला. आता एक आला म्हणजे एक जाणार, आणि सगळे बघायला लागले निखिलकडे. निखिल आमचा गोलकीपर, एकवीस वर्षांचा, जुईनगरजवळच्या कोळीवाड्यातला. त्याचा करार याच ऑफ-सीझनला संपत होता. गोल त्याच्या मागच्या जाळीत गेले, म्हणजे गोल त्याने खाल्ले. वडीलधाऱ्यांचा हिशोब संपला.

*

माझा संपला नव्हता. मी सगळे गोल पुन्हा पाहिले.

आपले चार डिफेंडर एका रेषेत, एकाच वेळी पुढे सरकले, तर समोरच्या टीमचा स्ट्रायकर त्यांच्या मागे एकटा राहतो आणि ऑफसाइड होतो, म्हणजे त्याने मारलेला गोल धरतच नाहीत. पण चौघांपैकी एक जरी मागे रेंगाळला, तर तो स्ट्रायकर सुटतो, सरळ गोलवर. हे चौघं गोलकीपरला समोर दिसतात, म्हणून "वर या" अशी हाक त्यानेच मारायची. जगभर तोच मारतो.

आमच्याकडे रेंगाळणारा दर वेळी एकच. नाव सांगायची गरज नाही.

मग मी व्हिडिओचा आवाज वाढवून निखिल काय ओरडतो ते ऐकलं.

"दादा... दादा, जरा वर येता का? दादा, तुमच्या मागे..."

एवढं बोलून होईपर्यंत बॉल जाळीत. आणि त्यानंतर, अगदी स्पष्ट, "सॉरी दादा."

क्लिप मोरे सरांना ऐकवली. सरांनी शांतपणे ऐकली, मान डोलावली. "संस्कार चांगले आहेत पोराचे," म्हणाले.

*

डिफेन्समध्ये एकी नाही, असं शेठच्या कोणा मित्राने सुचवलं. लगेच पनवेलजवळच्या फार्महाउसवर दोन दिवसांचं शिबिर. पहिला दिवस जेवणातच गेला. ज्युनियरांनी वाढायचं, सिनियरांनी खायचं, म्हणजे एकी वाढते म्हणे.

दुसऱ्या दिवशी विश्वासाचा खेळ. डोळे मिटून मागे पडायचं, मागच्याने झेलायचं. दादाची पाळी आली. दादा पडेना.

"मी का पडू? मी कॅप्टन हाय."

बरं, मग दादा झेलेल. पुढे आमचा राइट बॅक उभा राहिला, डोळे मिटले, आणि आडवा झाला थेट गवतावर. दादा मागे फोनवर बोलत होता. फोन कानाला तसाच ठेवून वाकून म्हणाला, "पडताना आवाज द्यायचा ना रे."

पोरगा पाठ चोळत उठला. "दादा, तुमच्यावर आवाज कसा करू?"

शिबिर यशस्वी झालं असं शेवटी सरांनी जाहीर केलं.

*

मग एक भाग्याचा दिवस उजाडला. तळवलीत शेठच्या घरी हळद होती. दादा प्रॅक्टिसला येणार नव्हता. सरही जेवायला जाणार होते, म्हणाले, "घे तूच पोरांना, पळव जरा."

मी पळवलं नाही. निखिलला म्हटलं, "एकच शब्द. 'वर!' ना दादा, ना जरा, ना प्लीज." पहिल्या पाच-सहा वेळा त्याच्या घशातून आवाज फुटेना. मग फुटला. आणि काय सांगू, दादाच्या जागी उभा केलेला धरून चौघंही एका दोरीने ओढल्यासारखे पुढे. आमचेच स्ट्रायकर इतक्या वेळा ऑफसाइड झाले की एकजण वैतागून म्हणाला, "ताई, आम्हाला पण जरा खेळू द्या."

दुसऱ्या दिवशी दादा आला. हळदीचा पिवळेपणा अजून कानामागे होता. खेळ सुरू झाला. बॉल पुढे गेला, निखिल कालच्याच आवाजात ओरडला, "वर!"

दादा जागीच थांबला. वळला. चालत चालत गोलपर्यंत आला.

"कोनाला बोल्लास?"

"सगळ्यांना, दादा."

"सगळ्यांत मी पन येतो?"

निखिल खाली वाकून त्याच्या पाया पडला. तो पाया पडतोय तोवर आमच्या स्ट्रायकरने रिकाम्या गोलात बॉल मारून घेतला.

सरांनी निखिलला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे कॉलेजचे चाळे इथे नकोत. दादाने या क्लबला इतकी वर्षं दिली आहेत." दिली आहेत ना. ती कोण नाकारतंय? पण वर्षं दिली म्हणून स्ट्रायकर वाट बघत उभा राहतो का?

*

त्या रविवारी निखिलला भेटायला मी मासळी बाजारात गेले. तिथे त्याचे आईबाबा बसतात. पोरगा उदास असेल, समजूत घालावी, म्हटलं.

लांबूनच त्याचा आवाज ऐकू आला. "बाबा, बर्फ! तिकडे कुठे, इकडे टाका! अहो सुरमईवर!" बाबांनी निमूटपणे फावडं उचललं आणि सुरमईवर बर्फ टाकला. कोणाला राग नाही, कोणाचा अपमान नाही. बाबा वर हसून म्हणाले, "बग ना पोरी, नुसता वरडत असतो."

मी निखिलला म्हटलं, "अरे, हाच आवाज मैदानावर का नाही निघत? इथे तर बापावर ओरडतोस."

"तो बाप हाय, ताई," निखिल म्हणाला. "दादा थोडाच हाय."

*

महिन्याच्या शेवटी पुन्हा शेठच्या ऑफिसात. शेठ, मोरे सर, दादा आणि मी. मला का बोलावलं ते सरांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लबात पैसा घातलेली मंडळी येणार होती. निखिलला का काढतोय हे त्यांना पटवायचं होतं. त्यासाठी एक छोटा व्हिडिओ हवा होता.

"सगळे गोल एकापाठोपाठ लाव," सर म्हणाले. "फ्रेम मात्र जरा आत घे. फक्त निखिल दिसला पाहिजे."

"आणि दादा?"

"दादाला काप."

"आणि आवाज?"

"आवाज कशाला? गाणं टाक एखादं."

मी म्हटलं, "नाही करणार."

शेठना आधी कळलंच नाही. "म्हंजे? येत नाय का तुला?"

"येतं शेठ. करणार नाही."

"अगं बाय, मोठी मानसं सांगतात ना तुला." शेठ चिडले नव्हते, समजावत होते, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. "तुजा पन करार हाय ना आमच्याकरं?"

"आहे. संपवायचा तर संपवा. पण निखिलला खोटं दाखवून काढायचं काम माझ्या हातून होणार नाही. काढायचंच असेल तर त्याला इथे समोर बसवा, आणि तुमच्या तोंडाने सांगा."

"आवाज खाली," सर म्हणाले. "कोणापुढे बोलतेस?"

दादा इतका वेळ खिडकीपाशी बसून बाहेरच्या टॉवरचं काम बघत होता. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"दादा, एवढंच सांगा. तो हाक मारायचा तेव्हा तुम्हाला ऐकू यायची ना?"

शेठनी दादाकडे पाहिलं. सरांनी दादाकडे पाहिलं. दादाने तोंड उघडलं, शेठकडे एकदा बघितलं, आणि मिटलं.

मी लॅपटॉप उघडला, निखिलच्या हाकांची ती क्लिप लावली आणि आवाज पूर्ण वाढवला.