भेगेचा नियम

चुडाव्याच्या स्टेशनापलीकडं, कालव्याच्या कॉलनीमागं एके काळी गोल्फचा क्लब होता, असं मी नव्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग माझ्या हातातल्या कपाकडं. परभणी जिल्ह्यात गोल्फ. पाहुण्यांपुढं हा विषय निघाला की आमचे चिरंजीव काहीतरी काम काढून आत जातात. पण क्लब होता. मी त्याचा सभासद होतो, आणि तो बंद पडला याला कारण मी आहे. हे शेवटचं वाक्य मी आजवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

लिहायची वेळ आली ती एका फोनमुळं. परभणीच्या एक बाई दिवाळी अंक काढतात. जिल्ह्यातल्या मोडून गेलेल्या जागांवर त्यांना लेख हवे होते. कुणीतरी त्यांना माझं नाव दिलं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं मुद्देसूद लिहायची खोड आहे. चार पानं लिहून काढली. क्लब कसा सुरू झाला, मैदान कसं होतं, आणि शेवटी, 'पुढे अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, कॉलनी ओस पडली आणि क्लब बंद झाला.' यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि तरीही सगळं मिळून खोटं आहे.

क्लब काढला तो कालवा खात्याच्या एका साहेबांनी. ते बाहेरून आलेले, खेळाचा नाद घेऊनच आलेले. कॉलनीमागं सरकारी जमीन पडून होती, तिच्यात सहा गल बसले. गोट्या खेळताना जमिनीत करतो तो गल. गावात सगळे तोच शब्द वापरायचे आणि आम्हीही तोच उचलला. खऱ्या मैदानावर अठरा असतात म्हणे. आम्ही सहाच गल तीनदा खेळायचो. काठ्यांच्या दोन पिशव्या सगळ्यांत मिळून होत्या. आपला फटका मारून झाला की काठी दुसऱ्याला द्यायची, त्यामुळं मैदानात चालण्यापेक्षा थांबणंच जास्त व्हायचं आणि गप्पा भरपूर व्हायच्या.

गवताची हिरवळ आमच्याकडं उगवणं शक्यच नव्हतं. गलाभोवती काय करायचं याचा साहेबांना पेच पडला होता. तो सोडवला त्यांच्या कचेरीतल्या कारकुनानं. वाळूत ट्रकचं जुनं काळं ऑइल कालवून त्यानं गोल अंगण केलं. वर गोणपाट ओढलं की ते शेणानं सारवल्यासारखं सपाट व्हायचं आणि चेंडू त्यावरून सरळ जायचा. पहिलं वर्ष तो नुसता गोणपाटच ओढत होता. दुसऱ्या वर्षी त्यानं सभासद होण्याचा अर्ज लिहिला, साहेबांच्या टेबलावरच्या फायलीत इतर कागदांच्या मधे लावला आणि सही घेऊन आला. कचेरीतले सगळे अर्ज तोच लिहायचा, त्यामुळं अर्जात नाव ठेवायला जागा नव्हती. हा माझा मित्र. त्याचे आईवडील दुसऱ्याच्या रानात राबलेले, आणि वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून घरात एकच जिद्द, शिकायचं. त्याच्या घरात टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारा तो पहिला.

मी त्याच्यामुळंच क्लबात गेलो. मला तो सर म्हणायचा, मी त्याला भाऊ. मी फटके मोजताना एखादा विसरलो की म्हणायचा, "सर, पोरांना पाढे शिकवता आन् तुमाला सहाच्या म्होरं येईना झालंय." मी चिडायचो. तो हसायचा. दर रविवारी सकाळी हेच.

आता नियमाचं सांगतो. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो आणि तळ लागत नाही. चेंडू घरंगळत गेला आणि भेगेत पडला की संपलं. असा चेंडू हरवला धरायचा की नाही यावर पहिले दोन उन्हाळे दर रविवारी वाद व्हायचे. शेवटी माझ्या मित्रानं नियम लिहिला, सरकारी कागदावर, सुंदर अक्षरात. चेंडू भेगेत गेला असेल तर दंड नाही, दुसरा चेंडू तिथंच ठेवून खेळायचं. मात्र तो गेला हे ज्याचा चेंडू त्यानं सांगायचं नाही, समोरच्या खेळाडूनं सांगायचं. समोरचा 'गेला' म्हणाला की गेला. तो 'दिसला नाही' म्हणाला, तर चेंडू हरवला, दंड घ्यायचा आणि मागं जाऊन पुन्हा मारायचा.

मी म्हटलं, "भाऊ, समोरचा कशाला तुझ्या फायद्याचं बोलेल?"

"म्हणूनच की, सर," तो म्हणाला. "कचेरीत माझ्या बोलण्याला कागद लागतंय. कागद दाखवला तरी दोनदा बघत्यात. हितं तुमी माझे साक्षीदार आन् मी तुमचा. बास झालं."

आणि नियम चालला, याचं आजही नवल वाटतं. एरवी बांधावरून डोकी फोडणारी माणसं तिथं विरोधकाच्या चेंडूसाठी 'गेला, गेला, मी बघितला' म्हणून पुढं यायची. कित्येक वर्षं एकही तंटा झाला नाही.

मग ती वर्षाची मॅच आली. उन्हाळा ऐन भरात होता. शेवटच्या फेरीत तो आणि मी. त्या वर्षी मी त्याच्याकडून एकही रविवार जिंकलो नव्हतो. शाळेतले चार शिक्षक मुद्दाम बघायला आले होते, बायकोही आली होती, डोक्यावर पदर घेऊन बाभळीच्या सावलीला उभी. शेवटच्या गलापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. त्यानं मारलेला चेंडू गलात रोवलेल्या झेंड्याच्या जवळ पडला, उडाला, डावीकडं घरंगळला आणि वाळूच्या अंगणाबाहेर दोन हातांवरच्या एका भेगेत गेला. मी बघितला. स्वच्छ उजेड होता आणि माझ्या नि त्या भेगेच्या मधे काहीही नव्हतं. बाकीचे लांब होते, त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

तो माझ्याकडं वळून म्हणाला, "भेगेत गेला. बघितला नं, सर?"

मी म्हणालो, "मला दिसला नाही."

ठरवून बोललो नाही. ठरवायला वेळच नव्हता. पण सुधारायला वेळ होता, आणि तो मी घालवला. तो गुडघ्यावर बसला, एकेका भेगेत हात घालून बघू लागला. मान वर करून म्हणाला, "मला तर इकडंच दिसला." मी झुडपांकडं बघत उभा राहिलो, चेंडू तिकडं गेला असावा असं वाटायला लावणारं ते बघणं होतं. त्या दोन-तीन मिनिटांत मी केव्हाही 'अरे हो, गेला' म्हणू शकलो असतो. त्याचा मातीनं भरलेला हात माझ्यापासून चार पावलांवर होता. मग तो उठला, दंड घेतला, मागं जाऊन पुन्हा मारला आणि हरला. मला पितळी कप मिळाला. घरात त्यात चमचे असतात.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. चहा चालू असताना एक बागायतदार सभासद सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "असल्या लोकांना आत घेतलं की हेच होणार. चेंडू झुडपात आन् म्हणं भेगेत." दोघं-तिघं हसले. साहेबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. मित्राच्या हातात कप होता. त्यानं तो खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी साखर ढवळत होतो. विरघळून गेलेली साखर मी ढवळत बसलो होतो.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. वाळूची अंगणं दोन महिन्यांत उकरून निघाली, कुत्री त्यात लोळायला लागली. दुसऱ्या कुणाला वाळू-ऑइलचं प्रमाण जमलं नाही. खरं तर कुणी मनावर घेतलं नाही, कारण एवढी वर्षं ते काम आपोआप होतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि भेगेचा नियम तर त्याच उन्हाळ्यात मेला. जो तो दुसऱ्याच्या चेंडूसाठी 'दिसला नाही' म्हणू लागला. माझंच बघून शिकले असं मी म्हणत नाही, पण शिकले. बदल्या, ओस पडलेली कॉलनी, हे सगळं नंतरचं. आता तिथं वेडी बाभूळ काढून प्लॉटचे दगड रोवलेत.

त्याच्याशी भांडण झालं नाही. स्टेशनावर भेटला की "जय भीम, सर" म्हणायचा, मुलांचं विचारायचा. माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा राहिला. तोंड चुकवायचो ते मीच. मला वाटायचं, याला सगळं माहीत आहे आणि हा मुद्दाम चांगलं वागून मला शिक्षा देतोय. तीस वर्षं मी त्याच्यावर मनातल्या मनात धुसफुसत होतो, हे सांगायलाही लाज वाटते. मग तो रिटायर होऊन मुलाकडं परभणीला गेला आणि मला सुटल्यासारखं झालं.

अंकवाल्या बाई म्हणाल्या, लेख तुमच्या त्या मित्रांनाही एकदा दाखवून घ्या, मैदान त्यांनीच केलं होतं ना. नाही कसं म्हणणार. पॅसेंजरनं परभणीला गेलो, ऑटो केली. दार त्याच्या सुनेनं उघडलं आणि हळूच सांगितलं की बाबांना दोन वर्षांपासून दिसत नाही, शुगरनं डोळे गेले. तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. माझा आवाज ऐकून उठायला लागला, मी बसवलं. पूर्वीपेक्षा निम्मा झाला होता. बोलून टाकायचं, असं मी गाडीत ठरवलं होतं. पण त्याला बघितल्यावर आधी लेखच वाचायला घेतला.

तो इतका खूश होऊन ऐकत होता की मला वाचवेना. मधेच थांबवून दुरुस्त्या सांगत होता. "ऑइल लय न्हाई घालायचं, सर. मुठीत धरल्यावर वाळू नुसती बसली पायजे, हाताला लागाय न्हाई पायजे. हे घाला." मी समासात लिहून घेतलं. वाचून संपलं. तो म्हणाला, "त्या मॅचचं न्हाई लिवलं?"

"नाही," मी म्हणालो.

"लिवा. माझ्यासाठी म्हणून लिवा." तो पुढं झुकला. "दुसऱ्या दिवशी पहाटंच गेलो होतो मी तिथं. पंधरा दिवस जायलो होतो. समदी झुडपं हुडकली. न्हाई घावला. पण तुमी न्हाई बघितला म्हणलाव म्हंजी भेगेत गेला नसणार. तुमी समोरच होता. मलाच तसं दिसलं असंल. लोक बेइमान म्हणले, ते तेवढं मनातून जाईना. चूक झाली, पण बेइमानी न्हवती. एवढं एक वाक्य टाका सर, तुमच्या हातानं. तुमी लिवलं तर लोक खरं धरतील."

तीस वर्षं मी समजत होतो की याला माझं खोटं माहीत आहे. त्याच्या मनाला ते शिवलंही नव्हतं. मी आणि त्याचे डोळे यांत त्यानं मला खरं धरलं होतं. मी पानं गुडघ्यावर ठेवली.

"भाऊ, चेंडू भेगेतच गेला होता," मी म्हणालो. "मी बघितला होता."

आत सून कुकर लावत होती. शिट्टी झाली. त्यानं दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले.

"कोणत्या अंगाला?"

"झेंड्याच्या डाव्या. अंगणापासून दोन हातांवर."

"डाव्या." तो मान हलवत राहिला. "तेच म्हणलो होतो मी."

"हो."

मी माफी मागितली. काय काय बोललो आठवत नाही, बायको बघत होती, शिक्षक आले होते, वर्षभर हरलो होतो, असलं काहीतरी. बोलता बोलता मलाच ते पोरकट वाटायला लागलं आणि मी थांबलो. तो रागावला असता तर मला हवं होतं. त्यानं हात लांब करून माझा हात शोधला असता तरी चाललं असतं. दोन्हींतलं काही झालं नाही.

"घरी बी मी तेच सांगत आलो," तो म्हणाला. "पोराला, नातवाला. म्हणलो, आपल्या डोळ्याचा लय भरोसा धरू न्हाई, बाबा. माणसाला दिसतंय एक आन् असतंय एक." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "डोळे होते तवर त्यांचं कधी ऐकलं न्हाई मी."

मी रडत होतो आणि त्याला दिसत नव्हतं, म्हणून आवाज दाबून रडत होतो. लेखाची पानं गुडघ्यावर तशीच होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "मग त्या मॅचचं काय लिहू, भाऊ?"

त्यानं मान खिडकीकडं वळवली.

"मला काय इचारायलाव," तो म्हणाला. "दिसलं तर तुमाला होतं."