जमनीच्या भावाचा खांब

मामा गेल्याचा फोन समोरच्या किराणा दुकानात आला. दुकानदारानं हाक मारली, मी ओल्या हातानं धावले. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाच्या टाकीजवळ उभे असताना छातीत कळ आली आणि तिथंच सगळं आटोपलं. मी खूप रडले, कारण मला मामा आवडायचे. गेल्या काही आठवड्यांत लोक त्यांच्याविषयी जे बोलले... हौशी, मनमिळाऊ, निसर्गवेडा... ते खरंच आहे. राहिलेलं मी लिहिते, कारण ते दुसरं कुणी लिहिणार नाही.

धुळ्याहून सुरतेला रंगकामाला आलेल्या या माणसाला सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नसे. सगळी सुरत डुमसच्या किनाऱ्यावर भजी खायला जायची, आणि मामा मला एसटीत घालून आखाताच्या काठावरच्या खाणीच्या गावाला न्यायचे. तिथं एका अंगाला खारफुटी आणि चिखलात उतरलेले गुलाबी रोहित पक्षी, दुसऱ्या अंगाला तपकिरी कोळशाचा भलामोठा खड्डा, आणि मधे आदिवासींची वस्ती. वस्तीमागच्या टेकाडावर गेलेल्या माणसांचे सागवानी खांब उभे असत. वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली घोडेस्वार. माणूस मेला की त्याचा खांब उभारायचा, मग तो त्यातच राहतो. नवं धान्य आलं की आधी त्याच्यापुढे ठेवायचं, त्याशिवाय घरानं घास घ्यायचा नाही. हे सगळं मामांना वस्तीतल्या जमनीनं सांगितलं. तिचा एकुलता एक भाऊ खाणीत दरडीखाली गेला होता, मागे दुसरं कुणी नव्हतं. मामा तिच्या अंगणात मांडी घालून भाकरी खात, तिची चौकशी करत. मला वाटायचं, हिला दुसरा भाऊ मिळाला.

खाण टेकाडापर्यंत सरकली तेव्हा लोक आपापले खांब उपटून नातलगांच्या शेतांत नेऊ लागले. जमनीला ना शेत, ना नातलग. मामा म्हणाले, मी सुरतेला नेऊन सांभाळतो, तुला जागा मिळाली की आणून देतो. तिनं खांब स्वतः धुतला, आपल्या एकुलत्या एक धड लुगड्यात गुंडाळला आणि टेम्पोत चढवला. टेम्पो सुटेपर्यंत ती त्याच्यावर हात ठेवून उभी होती.

जागा तिला मिळाली. नव्या भाताची पुरचुंडी घेऊन ती सुरतेला आली आणि दारातच म्हणाली, "मारो भाई आपो, साहेब." माझा भाऊ द्या. तोवर भाऊ आमच्या मामांच्या बैठकीच्या कोपऱ्यात उभा होता, त्याच्यावर खास दिवा लावलेला, आणि पाहुणे चहा पीत त्याचं कौतुक करत होते. मामांनी तिला बसवलं, जिलेबी दिली आणि गोड आवाजात सांगितलं, "आवता वरसे लई जजे." पुढच्या वर्षी ने. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. खांब इथं, म्हणून नवं धान्य ठेवायलाही तिला इथंच यावं लागे. मामा नेमके त्या दिवशी मित्रांना बोलावत. ती मूठ उघडायला जाई आणि मामा म्हणत, "जरा हळू, फोटो काढायचाय." मग ती बिचारी मूठ तशीच धरून थांबे. एकदा मी स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, मामा, देऊन टाका ना तिचं तिला. ते हसले. "वेडी का तू? तिथं वाळवी खाईल. इथं चार जाणती माणसं बघतात, तिला काय कळनार शे त्यानं?" रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मामा गेले तेव्हा मनात आलं... लाज वाटते, पण आलं... की आता जमनीची सुटका झाली. दिवस झाल्यावर मी मामीकडे गेले. मामीनं घोडेस्वाराच्या छातीत खिळा ठोकून मामांचा हार घातलेला फोटो लटकवला होता. मी विषय काढला. मामी डोळे पुसत म्हणाली, "तुन्हा मामानी आठवण शे ती. मी नही देवाव." मी भांडले, समजावलं, शेवटी तशीच परत आले.

परवा मी मामीकडे असताना जमनी आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. पुरचुंडी हातात घेऊन ती फोटोकडे पाहत राहिली. फोटोमागून घोड्याचे फक्त पाय दिसत होते. मग ती खाली बसली, दाणे खांबाच्या बुडाशी ठेवले आणि कपाळ टेकून हुंदके देऊ लागली. भेटायला आलेल्या बायका हळहळल्या. मामीनं माझा हात दाबला. "देख, कितली माया व्हती तिनी तुन्हा मामावर."

जमनी उठली, पदरानं तोंड पुसलं. मामीनं तिला जिलेबी दिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "दरसाल येत जाय, माय."