अडीच म्हशींचं बिटकॉइन

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मी घरी येणाऱ्या प्रत्येक इंग्रजी कागदावरच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करण्यात घालवलं. बँकेचं पत्र असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, माझ्या तावडीतून काही सुटत नसे. मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला मोकळा वेळ मिळाला की असंच होणार. त्यामुळे नगरच्या केडगावात समोरच्या घरात राहणारा माझा जुना विद्यार्थी एका सकाळी मोबाईल घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एक इंग्लिश लेटर लिहायचं हाय," तेव्हा मी चष्मा पुसतच उठले.

हा दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला. आता पंचेचाळिशीचा, जनावरांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात बैल, म्हशी, गाई यांची खरेदी-विक्री करतो. घरी एक टेम्पो आहे, बायको आहे, मुलगी पुण्याला नर्सिंग करते. माणूस सरळ. मला अजून बाई म्हणतो आणि माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेला बसतो.

"कुणाला लिहायचंय?" मी विचारलं.

"साइटवाल्याला. पैसं दिसत्यात, पन निघत न्हाईत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. परदेशातल्या कुठल्याशा साइटवर तो घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावत होता. साइट रुपये घेत नव्हती, फक्त बिटकॉइन. बाजारात भेटलेल्या एका दुसऱ्या व्यापाऱ्याने त्याला सगळं बसवून दिलं होतं: आधी रुपये देऊन बिटकॉइन घ्यायचं, ते मोबाईलमधल्या पाकिटात ठेवायचं, तिथून साइटवर पाठवायचं, आणि जिंकलं की त्याच वाटेने परत आणायचं. येण्याची वाट मात्र बंद झाली होती.

"हे कायद्यात बसतं का रे?"

"बसत न्हाई बाई," तो मान खाली घालून म्हणाला, "पन अजून कुनी उठवलं न्हाई."

"किती अडकलेत?"

"अडीच म्हशी."

तो सगळी रक्कम म्हशींत मोजतो. मी आकडा विचारला नाही. अडीच म्हशी म्हणजे बरंच असणार, एवढं मला कळलं.

आता खरं सांगायचं तर मी त्याला तिथेच घालवून द्यायला हवं होतं. माझे वडील चर्चमध्ये पंच होते. आमच्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा नव्हता. पण मी विचारलं, "जिंकलास कसा पण?" आणि तिथेच फसले.

सुरुवातीला क्रिकेटवर लावून तो हरतच होता. मग एका सकाळी त्याला ऑस्ट्रेलियातल्या शर्यती दिसल्या. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात, त्याचा व्हिडिओ साइटवर येतो. "बाई, तिथं माझं डोकं चाललं," तो म्हणाला. "घोडं असूं द्या नायतर बैल, चार पाय सारखेच. फुडच्या पायाचा ठसा जिथं पडतो तिथं मागचा पाय पडला पायजे. शेपटी घट्ट धरलेलं जनावर नको. आन लई घामेजलेलं तर न्हाईच न्हाई." क्रिकेट कळणारे लाखो असतील, पण तेवढ्याशा मोबाईलमध्ये बघून जनावराचा खूर दुखतोय हे ओळखणारा त्या साइटवर हाच एक असावा. तो जिंकू लागला आणि साइटला संशय आला. खातं गोठवून त्यांनी लिहिलं होतं की तुमची खेळण्याची पद्धत असामान्य आहे, खुलासा करा.

मी खुलासा लिहिला. तो सांगत गेला, मी इंग्रजीत घेत गेले. मागच्या पायांचं वाक्य चार वेळा खोडलं. एवढ्या आनंदाने मी किती तरी वर्षांत काही लिहिलं नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "लई भारी झालं का?" मी म्हटलं, "तुला दहावीला एवढं सांगता आलं असतं तर बोर्डात आला असतास."

दोन दिवसांनी उत्तर आलं. खुलाशाबद्दल धन्यवाद, आता ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पैसे कुठून आले त्याचा पुरावा आणि हातात तारखेचा कागद धरून काढलेला फोटो पाठवा.

फोटो मी काढला. तो पोलीस चौकीत काढल्यासारखा आला, म्हणून दुसरा काढला. पैशाच्या पुराव्याला त्याने बैल विकल्याच्या बाजार समितीच्या पावत्या दिल्या, त्यांचं भाषांतर करून खाली मी सही ठोकली, 'निवृत्त सहायक शिक्षिका, इंग्रजी' असं लिहून. 'खिल्लार' या शब्दाला इंग्रजीत काय लिहावं यावर एक सकाळ गेली.

पत्त्याच्या पुराव्याशी मात्र गाडी अडली. घर बायकोच्या नावावर, म्हणून विजेचं बिलही तिच्या नावावर. साइटला तिचं सहीचं पत्र हवं होतं, की हा माझा नवरा आहे आणि याच घरात राहतो.

"मग घे की सही," मी म्हटलं.

त्याने मोबाईल खिशात घातला.

"तिला माहीत नाही?"

"न्हाई."

"मग पत्र नाही," मी म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं. इतके दिवस मजेत सगळं करताना हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाजही वाटली. समोरच्या घरातली बाई रोज सकाळी मला हात करते, कधी शेवग्याच्या शेंगा आणून देते, आणि मी तिच्या नवऱ्याला तिच्यापासून लपवून मदत करत होते.

त्याच दुपारी दोघं माझ्याकडे आले. बहुतेक माझ्यासमोर बोलणं त्याला सोपं वाटलं असावं. त्याने सांगितलं. ती ओरडेल असं मला वाटत होतं. तिने फक्त विचारलं, "क्रिकेटवर किती घालवलं आदी?"

"एक म्हैस," तो पुटपुटला. "गाभन."

तिने माझ्यासमोरचं पेन उचललं. मग म्हणाली, "कुटं सही करू बाई? पन पैसं माझ्या खात्यात येत्याल. आन हे परत दिसलं मोबाईलमदी, तर मी टेम्पोची चावी घेऊन माह्यारी जाईन." तिला टेम्पो चालवता येतो, हे मला तेव्हा कळलं.

पत्र गेलं. उत्तर आलं, नाकारलं. कारण वाचून मी मोठ्याने हसले. आधार कार्डावर पत्ता अहमदनगर, विजेच्या बिलावर अहिल्यानगर. साइटचं म्हणणं, आपण दोन वेगवेगळ्या शहरांत राहता, कोणतं खरं ते कळवा.

मी सविस्तर पत्र लिहिलं, की शहर एकच आहे, नाव बदललं आहे, आणि बोलताना तर आम्ही दोन्ही न म्हणता नुसतं नगर म्हणतो. हे शेवटचं लिहायला नको होतं. उलट उत्तर आलं: कृपया तिसऱ्या शहरातल्या वास्तव्याचाही पुरावा द्यावा.

आता मी चॅटवर उतरले. साइटवर कोपऱ्यात एक खिडकी उघडते, तिथे टाइप करायचं. आधी यंत्र बोलतं. यंत्र दर वेळी तुमची अडचण समजते असं म्हणून तीच तीन उत्तरं दाखवायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला इतकं लांब वाक्य लिहिलं की ते बहुधा थकलं, आणि एक माणूस आला. नाव परदेशी. इंग्रजी मात्र मला फार ओळखीचं वाटलं. त्याने लिहिलं होतं, मॅडम, मी तुम्हाला उद्याच सांगतो ना. ते 'च' आणि ते 'ना' त्याने इंग्रजीत जसंच्या तसं बसवलं होतं. अशी वाक्यं मी तेहतीस वर्षं लाल पेनाने खोडली आहेत.

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: तुम्ही मराठी आहात का?

तीन ठिपके हलले, थांबले, पुन्हा हलले.

"हो मॅडम," उत्तर आलं. "पण कृपया इंग्रजीत बोला. बघतात इथे." आणि लगेच खाली, पुन्हा मराठीतच, "हे आपलं नगरच ना? मी जामखेडच्या पलीकडचा. कॉलेजची पुस्तकं घ्यायला नगरलाच यायचो."

मी विचारलं, "जेवलास का?" एवढ्या लांब, कुठल्या देशात बसलाय तेही माहीत नसलेल्या मुलाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, इथे फक्त भात मिळतो, मॅडम. भाकरी खाऊन दोन वर्षं झाली. करार संपल्यावर परत येणार आहे. मग त्याने गंभीरपणे इंग्रजीत लिहिलं की पत्त्याची अडचण आता दूर झाली असून रक्कम आजच मोकळी होईल. आणि शेवटी मराठीत एक ओळ: "पैसे मोकळे झाले की सगळे काढा आणि खातं बंद करा. इथे जिंकणाऱ्याला टिकू देत नाहीत."

त्या दुपारी बिटकॉइन साइटवरून सुटून माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमधल्या पाकिटात आलं. आम्ही तिघांनी चहा घेतला. त्याने सांगितलं की रुपये करायचं काम तो बाजार झाल्यावर करेल. बायको म्हणाली, "आत्ता करा." तो म्हणाला, "उद्या बाजाराची गडबड हाय, परवा करू."

दुसऱ्या दिवशी घोडेगावात टेम्पोतून उतरवताना एका बैलाने त्याच्या मोबाईलवर पाय दिला.

तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. नवा मोबाईल घेतला होता, पण पाकीट उघडत नव्हतं. ते उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात. पाकीट पहिल्यांदा बनवताना ते दाखवले जातात आणि एकही अक्षर न चुकवता लिहून ठेवायचे असतात. त्याने ठेवले होते, जनावरांच्या डायरीच्या मागच्या पानावर. मराठीत. कानाला आले तसे.

"अरे, स्पेलिंग कुठाय?"

"बाई, तुमाला माज्या स्पेलिंगचं म्हाईत न्हाई का?"

मी डायरी पुढे ओढली. कॅटल, सॅलड, ओशन हे तर सरळ होते. 'स्टील' म्हणजे लोखंडातलं की चोरी करण्यातलं? 'मीट' म्हणजे भेटणं की मांस? 'वील' म्हणजे चाक की मृत्युपत्र? एक शब्द 'फलावर' असा होता. तो फूल आहे की पीठ, यावर मी आणि त्याची बायको वाद घालत बसलो. ती म्हणाली, "फुलकोबीला आपन फलावरच म्हन्तो की." मी एका कागदावर सगळे पर्याय लिहिले आणि एकेक करून घालत गेले. पाच वेळा चुकलं. सहाव्या वेळी, पोलाद, मांस, चाक आणि फूल, असं बसलं आणि पाकीट उघडलं. त्याने डायरी कपाळाला लावली.

या पत्रापत्रीच्या आठवड्यांत बिटकॉइनचा भाव उतरला होता. अडीच म्हशींची दीड म्हैस झाली. पैसे बायकोच्या खात्यात आले, तिने त्याच आठवड्यात टेम्पोला नवी टायरं घातली आणि उरलेलं मुलीच्या फीला ठेवलं.

माझ्याही कबुलीचं एक राहिलं. पाकीट उघडल्यावर, खातं बंद करण्याआधीच्या सकाळी, मी त्याला माझ्या शंभर रुपयांचा एक घोडा लावायला सांगितला होता. पाय बघून नाही. घोड्याच्या नावात अपॉस्ट्रॉफी बरोबर जागी होती, म्हणून. तो घोडा शर्यत संपल्यावरसुद्धा पळत होता, बाकीचे उभे राहून त्याची वाट बघत होते. रविवारी चर्चमध्ये मी शंभराऐवजी दोनशे टाकले.

पुढे कायदा कडक झाला आणि ती साइट इथे उघडेनाशी झाली. त्याच्या बायकोने मात्र एक दिवस येऊन मला सांगितलं, "बाई, मला इंग्लिश शिकवा. नवऱ्याच्या मोबाईलमदी काय लिवलंय ते माझं मला वाचता आलं पायजे." तेव्हापासून रोज चार वाजता ती येते. वही नीट ठेवते, गृहपाठ करते, उच्चार विचारते. काल तिने एका ॲपच्या नियम आणि अटी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. दुसऱ्या ओळीत अडखळली, मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "थांबा बाई, सांगू नका. माझं मी काढते."