कन्यादानाची धार

माझा उजवा हात मला न विचारता नाचायला लागला. त्याला मोठ्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं, गल्लीतल्या वैद्यांनी कंपवात. आमच्या हिनं दोन्ही नावं उडवून लावली. "हात नाचतोय, एवढंच ना? नाचू दे की. आजवर तुम्ही मला नाचवलंत, आता तुमची पाळी."

नवी पेठेत माझं शिवणकामाचं दुकान होतं. आधी काजं करणं सुटलं, मग कात्री. तेही मी गिळलं. पण लेकीचं लग्न ठरलं आणि थोरले भाऊ घरी येऊन म्हणाले, "कन्यादानाला मी बसतो. तुझ्याच्यानं धार सांभाळायची नाही." तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकुलती एक लेक माझी, आणि दान देणार काका?

भाऊंचं खोटंही नव्हतं. कन्यादानाला आई तांब्यातून पाण्याची धार धरते. ती बापाच्या ओंजळीतून लेकीच्या ओंजळीत, तिथून जावयाच्या आणि मग खाली काशाच्या भांड्यात. मंत्र संपेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. आणि माझ्या हातात साधी कपबशी दिली तरी तिचा खुळखुळा व्हायचा.

मग रोज सकाळी मोरीत तालीम. ही तांब्या घेऊन उभी, मी पाटावर, समोर लेक. निम्मं पाणी माझ्या धोतरावर, निम्मं भिंतीवर. "अहो, नळाला दिवसाआड पाणी येतंय आणि तुम्ही भिंतींना आंघोळ घालताय!" मी चिडून उठायला लागलो की लेक म्हणायची, "बसा की अण्णा. अजून एकदा."

लग्नात भाऊ सोवळं नेसून माझ्या मागंच उभे, राखीव गडी म्हणून. आणि मांडवभर माणसं बघताहेत म्हटल्यावर हात असा काही सुटला की विचारू नका! भाऊंनी पाऊल पुढं टाकलं. मला वाटलं, संपलं सगळं. रडूच यायला लागलं.

तेवढ्यात लक्षात आलं, धार चालूच आहे. माझी ओंजळ डावीकडं गेली की लेकीची डावीकडं, उजवीकडं गेली की उजवीकडं. कार्टी माझ्याकडं बघून चक्क हसत होती. तिच्यामागोमाग जावईही, बिचारा नवा माणूस, निमूटपणे ओंजळ हलवत होता. भटजी मंत्रात दोनदा अडखळले. भाऊ मागं सरले.

जावयाच्या आत्याबाई हिच्या कानाशी लागल्या, "तुमच्यात ओंजळ हलवायची पद्धत हाय व्हय?"

"व्हय की," ही म्हणाली. "लई जुनी. बाप जिकडं, लेक तिकडं."

एवढं ऐटीत सांगून ती स्वतःच रडायला लागली. तांब्या मात्र तिनं हलू दिला नाही.